दोषारोप-निषेध, ख्रिस्ती धर्मातील

सहधर्मीयाच्या बाह्य वर्तनावरून त्याच्या अंतःकरणाविषयी किंवा परमेश्वरापुढील त्याच्या स्थानाविषयी अखेरचा निर्णय देऊ नये, असे सांगणारी ख्रिस्ती नीतिशास्त्रातील शिकवण. तिचा मुख्य आधार मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात सापडतो. तेथील दृष्टांत मराठीत कुसळ व मुसळ या शब्दांनी रूढ झाला आहे. मूळ ग्रीकमधील ‘डोकोस’ म्हणजे मात्र छपराची तुळई. मुसळाने तिचे आकारमान घटले, तरी अतिशयोक्तीतील विनोद टिकला आहे. दृष्टांताच्या शेवटाकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते : स्वतःच्या डोळ्यातील मुसळ काढल्यावर भावाचे कुसळ काढण्यास येशूने मुभा दिली आहे. तेव्हा निषेध विवेकाचा नसून दांभिकतेचा आहे, हे उघड होते. ‘क्रीनेइन्’ या ग्रीक क्रियापदाला वेगळे करणे, पारखणे, न्याय करणे व दोषी ठरविणे अशा अनेक छटा आहेत. अर्थनिर्णयातील बरेचसे वाद त्यांतूनच उद्भवले.

संत पॉलच्या रोमकरांस पत्रात (इ. स. सु. ५७) या शिकवणीला प्रत्यक्ष प्रसंग लाभला. रोममधील ख्रिस्ती मंडळीत काही जण केवळ शाकभाजी खात व विशिष्ट दिवस पाळीत. इतरांना ही बंधने मान्य नव्हती. पॉलचे स्वतःचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकणारे होते. तरीही त्याने कोणत्याच पक्षाला विजयी ठरविले नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्यास दोषी ठरवू नये, असे तो बजावतो. दोन्ही पक्षांचे दोष त्याने वेगवेगळे ओळखले, हे लक्षणीय आहे. दुसऱ्याचा सेवक आपल्या धन्यालाच जबाबदार असतो, हा त्याचा युक्तिवाद. याच पॉलने करिंथ येथील मंडळीला मात्र सावत्र आईशी संबंध ठेवणाऱ्या सभासदास बहिष्कृत करण्यास सांगितले. मतभेदाची बाब व उघड दुराचार यांत तो भेद करतो. ही सीमारेषा नेमकी कोठे आखावी, हा प्रश्न पुढेही सुटला नाही.

ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी या शिकवणीला साधनेचे रूप दिले. चौथ्या शतकातील मोझेस हा पूर्वायुष्यात दरोडेखोर होता. एका बंधूच्या अपराधाचा निवाडा करण्यासाठी बोलावले असता तो गळके भांडे घेऊन गेला. आपली पापे अशीच मागे सांडत असताना आपण दुसऱ्याचा न्याय करण्यास आलो आहोत, असे त्याने सांगितल्यावर त्या बंधूस क्षमा करण्यात आली, अशी कथा आहे.

उत्तर आफ्रिकेतील डोनेटस पंथाने हा प्रश्न चर्चच्या घटनेपर्यंत नेला. ३०३ मध्ये सुरू झालेल्या छळात ज्यांनी धर्मग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले, त्यांचे संस्कार निष्फळ होत, असे पंथीयांचे म्हणणे होते. संत ऑगस्टीनने गहू व निदणाच्या दृष्टांताच्या आधारे उत्तर दिले : कापणीपर्यंत दोन्ही एकत्रच वाढणार, आणि निवड करणे हे माणसांचे काम नव्हे. मात्र ४११ च्या कार्थेज येथील परिषदेच्या आधीच त्याने पंथीयांविरुद्ध राजदंडाच्या वापरास संमती दिली होती. त्याच्या भूमिकेतील ही विसंगती झाकता येत नाही.

धर्मसुधारणेच्या काळात कॅल्व्हिनने श्रद्धा, आचरण व संस्कार यांवरून सभासद मानण्यास ‘प्रीतीचा निर्णय’ म्हटले, तर ल्यूथरपंथीयांनी १५७७ च्या मतपत्रात केवळ विधींतील भिन्नतेवरून कोणत्याही चर्चला दोषी ठरविण्यास मनाई केली. टॉलस्टॉयने १८८४ मध्ये आपल्या श्रद्धाविषयक ग्रंथात हीच शिकवण न्यायालयांनाही लागू केली. बहुसंख्य चर्चना हा अर्थ मान्य झाला नाही.