सायलेन्सरला पट्टी गुंडाळली की पिकअप वाढतो का?

बुलेट किंवा जुन्या स्प्लेंडरच्या बेंड पाइपला कापडासारखी पट्टी गुंडाळलेली दिसते. पिकअप वाढतो, इंजिन थंड राहतं, असं सांगून ती लावली जाते.

पट्टी असते फायबरग्लासची. ती उष्णता पाइपातच कोंडते, त्यामुळे धूर गरम राहून लवकर बाहेर पडतो. रेसिंगच्या, टर्बोच्या गाड्यांना याचा थोडा उपयोग होतो. कारमध्ये बॉनेटखालची गरमीही कमी होते. पण शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला फरक जाणवत नाही, आणि ती थंड होते ती वाऱ्याने अन् ऑइलने, पट्टीने नाही.

खरा घोळ पावसाळ्यात. ओली पट्टी लवकर वाळत नाही, साध्या लोखंडी पाइपला तिच्याखाली गंज चढतो आणि भोक पडेपर्यंत कळतही नाही. ऑइल किंवा पेट्रोल मुरलं तर पट्टी पेटू शकते. बीएस-6 गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अन् सेन्सर असतात, त्यावर तर गुंडाळूच नये.

पाय भाजतो म्हणून लावायची असेल, तर पत्र्याचा गार्ड बरा. आधीच लावली असेल, तर पावसाआधी सोडून पाइप बघा. हातमोजे घाला, फायबरग्लासची कुसं हातात घुसतात.