लिनक्समध्ये नवी हार्ड डिस्क जोडली, पण दिसतच नाही? आधी या गोष्टी समजून घ्या

तुम्ही नवी हार्ड डिस्क विकत आणली. कॅबिनेट उघडलं, वायरी जोडल्या, स्क्रू आवळले आणि कम्प्युटर चालू केला. लिनक्स नेहमीसारखं सुरू झालं. मग तुम्ही फाइल्सची खिडकी उघडून बघितलं, तर तिथे काहीच नाही. ना 'डी ड्राइव्ह', ना 'ई ड्राइव्ह'.

डिस्क खराब निघाली का? दुकानदाराने फसवलं का?

बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. डिस्क ठणठणीत असते. लिनक्सने तिला ओळखलेलंही असतं. फक्त ती कशी आणि कुठे वापरायची, हे तुम्ही त्याला अजून सांगितलेलं नसतं.

हा प्रश्न सध्या बऱ्याच जणांना पडतोय. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. अनेक घरांतले जुने कम्प्युटर विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. मग कोणीतरी सुचवतं, 'अरे, उबुंटू टाक किंवा मिंट टाक, फुकट आहे.' कम्प्युटर पुन्हा पळायला लागतो, हुरूप येतो आणि पुढची पायरी असते जास्त जागेसाठी नवी डिस्क.

ही पायरी अवघड नाही. पण इथे दोन ठिकाणी चूक झाली तर महागात पडते. एका चुकीत जुने फोटो कायमचे जाऊ शकतात आणि दुसऱ्या चुकीत कम्प्युटर सुरूच होत नाही. त्या दोन्ही कशा टाळायच्या, ते समजून घेऊ.

लिनक्समध्ये 'डी ड्राइव्ह' का नसतो?

विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला एक अक्षर मिळतं. 'ए' आणि 'बी' ही अक्षरं पूर्वी फ्लॉपीसाठी राखीव होती, म्हणून हार्ड डिस्कची सुरुवात 'सी'पासून होते.

लिनक्सची पद्धत वेगळी आहे. ती आली युनिक्समधून, म्हणजे 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये सुरू झालेल्या सिस्टीममधून. 1991 मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतलं, तेव्हा त्यानेही हीच पद्धत ठेवली. इथे सगळ्या फाइल्सचं एकच झाड असतं. त्याच्या मुळाला 'रूट' म्हणतात आणि ते एका तिरक्या रेघेने, म्हणजे स्लॅशने, दाखवतात. डिस्क एक असो वा पाच, प्रत्येक डिस्क याच झाडाच्या एखाद्या फांदीला, म्हणजे एखाद्या फोल्डरला जोडावी लागते.

या जोडण्याला म्हणतात 'माउंट' करणं. मोठ्या कम्प्युटरच्या जमान्यात डिस्क आणि टेप खरोखरच हाताने उचलून यंत्रावर चढवाव्या लागत. यंत्र बदललं, शब्द तोच राहिला.

नवी डिस्क म्हणजे नवी जमीन

समजा तुम्ही गावाकडे जमीन घेतली. जमीन ताब्यात आली म्हणून लगेच पीक येत नाही. आधी हद्द ठरते, मग नोंदी होतात, मग तिथे जायला रस्ता लागतो. डिस्कचंही तसंच आहे.

1. पार्टिशन टेबल आणि पार्टिशन: ही झाली हद्द. डिस्कचा कुठला भाग कुठून कुठपर्यंत आहे, याची नोंद. यासाठी दोन पद्धती आहेत. 'एमबीआर' ही 1983 पासूनची जुनी पद्धत आणि 'जीपीटी' ही नवी. नेहमीच्या डिस्कवर एमबीआरला सुमारे 2 टीबीच्या पुढची जागा मोजताच येत नाही. जीपीटीला ही अडचण नाही आणि ती आपल्या नोंदीची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवते. त्यामुळे नव्या डिस्कसाठी जीपीटीच निवडा.

2. फाइल सिस्टीम: हा झाला सातबारा. कुठली फाइल डिस्कवर नेमकी कुठे आहे, तिचा मालक कोण, आकार किती, हे सगळं यात लिहिलेलं असतं. 'फॉरमॅट' करणं म्हणजे हे दप्तर नव्याने सुरू करणं. जुनं दप्तर गेलं की जुन्या फाइल्सचा पत्ताही गेला.

3. माउंट: हा झाला रस्ता. फाइल सिस्टीम एखाद्या फोल्डरला जोडली की त्या फोल्डरमधून तुम्ही थेट नव्या डिस्कवर पोहोचता.

4. कायमची नोंद: रस्ता रोज नव्याने काढायचा नसेल, तर कम्प्युटर सुरू होताना तो आपोआप तयार व्हावा, असं एका फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं.

दुकानातून आणलेल्या कोऱ्या डिस्कवर यातलं बहुधा काहीच नसतं. म्हणून ती 'दिसत' नाही.

वायर जोडण्याआधी हे करा

कम्प्युटर बंद करून प्लग भिंतीतून काढा. डेस्कटॉपमधल्या साटा डिस्कला दोन वायरी लागतात, एक अरुंद वायर डेटाची आणि एक रुंद वायर पॉवरची. यातली एक जरी ढिली राहिली, तरी डिस्क कुठेच दिसणार नाही.

आणि कॅबिनेट बंद करण्याआधी एक काम नक्की करा. नव्या डिस्कच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. त्यावर सीरियल नंबर असतो.

हे मी सांगतेय कारण माझ्या घरच्या कम्प्युटरमध्ये जुनी आणि नवी अशा दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या आणि 1 टीबीच्या होत्या. स्क्रीनवर दोघींचं नाव सारखं, आकारही सारखा. एका डिस्कवर घरातले 12 वर्षांचे फोटो, दुसरी कोरी. माझा माउस 'फॉरमॅट'वर होता आणि मी ज्या डिस्कवर होते, ती चुकीची होती. फोनमधला स्टिकरचा फोटो सहज उघडून बघितला, सीरियल नंबर जुळला नाही आणि मी थांबले.

ही पहिली महागडी चूक. जुन्या डिस्कवरच्या महत्त्वाच्या फाइल्सची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर घेतल्याशिवाय पुढे जाऊच नका. शक्य असेल तर फॉरमॅट करताना जुनी डेटाची डिस्क काढूनच ठेवा. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती चुकून पुसली जाणार नाही.

आता प्रत्यक्ष कृती

उबुंटू आणि लिनक्स मिंटमध्ये 'डिस्क्स' नावाचं अ‍ॅप आधीच असतं. आवृत्तीनुसार बटणांची नावं थोडी इकडेतिकडे असू शकतात, पण क्रम हाच.

- अ‍ॅप उघडा. डावीकडे सगळ्या डिस्कची यादी दिसेल. नव्या डिस्कवर क्लिक करा आणि सीरियल नंबर फोटोशी ताडून बघा.
- वरच्या मेनूमधून 'फॉरमॅट डिस्क' निवडा आणि पद्धत म्हणून जीपीटी घ्या. अ‍ॅप पुन्हा खात्री विचारेल. तिथेही एकदा नाव वाचा.
- आता डिस्क 'फ्री स्पेस' म्हणून दिसेल. अधिकच्या चिन्हावर क्लिक करून पार्टिशन तयार करा. सगळी जागा एकाच पार्टिशनला दिली तरी चालते.
- पार्टिशनला नाव द्या आणि फाइल सिस्टीम निवडा.
- पार्टिशन तयार झालं की खालच्या 'प्ले'सारख्या बटणावर क्लिक करा. डिस्क माउंट झाली!

टर्मिनल वापरणाऱ्यांसाठी 'एलएसबीएलके' ही कमांड फार कामाची आहे. कम्प्युटरला जोडलेल्या सगळ्या डिस्क, त्यांची पार्टिशन्स आणि ती कुठे माउंट झाली आहेत, हे ती एका नजरेत दाखवते. ती फक्त माहिती देते, काही बदलत नाही. त्यामुळे बिनधास्त चालवा.

नवी डिस्क अ‍ॅपमध्येही नाही आणि या कमांडमध्येही नाही, तरच वायर, पॉवर किंवा डिस्कवर संशय घ्या.

फाइल सिस्टीम कुठली निवडायची?

- एक्स्ट4: डिस्क फक्त लिनक्समध्येच वापरायची असेल तर हीच. 2008 पासून ती वापरात आहे आणि भरवशाची आहे. विंडोजला मात्र ती थेट वाचता येत नाही.
- एनटीएफएस: त्याच कम्प्युटरवर विंडोजही असेल आणि दोन्हीकडून फाइल्स हव्या असतील तर.
- एक्सफॅट: बाहेरून जोडायच्या डिस्कसाठी. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही तिला ओळखतात.
- फॅट32: मोठ्या डिस्कसाठी नकोच. यात एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही.

रीस्टार्ट केल्यावर डिस्क पुन्हा गायब?

गायब नाही, फक्त रस्ता मोडला. बटण दाबून केलेलं माउंट कम्प्युटर बंद होईपर्यंतच टिकतं. ते कायमचं करायचं तर 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'एफएसटॅब' या फाइलमध्ये नोंद लागते. कुठली डिस्क, कुठल्या फोल्डरला, कुठल्या अटींवर जोडायची, याची ही यादी. कम्प्युटर सुरू होताना लिनक्स ती वाचतं.

आणि दुसरी महागडी चूक होते ती इथेच.

लिनक्स डिस्कना 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावं देतं. ही नावं रांगेतल्या नंबरासारखी असतात. आज तुम्ही दुसरे आहात, उद्या कोणी आधी आलं तर तिसरे. नवी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडल्यावर कालची 'एसडीबी' आज 'एसडीसी' होऊ शकते. यादीत 'एसडीबी' लिहून ठेवलं असेल, तर लिनक्स चुकीच्या दारात जाऊन उभं राहतं.

म्हणून 'यूयूआयडी' वापरायचा. फॉरमॅट करताना प्रत्येक फाइल सिस्टीमला मिळणारा हा लांबलचक क्रमांक असतो. आधार नंबरसारखा. रांगेत कुठेही उभे राहा, तो तोच राहतो.

'डिस्क्स' अ‍ॅपमध्ये पार्टिशनखालच्या चाकाच्या चिन्हावर क्लिक करून 'एडिट माउंट ऑप्शन्स' उघडा. 'यूझर सेशन डिफॉल्ट्स' बंद करा. 'आयडेंटिफाय अ‍ॅज'मध्ये यूयूआयडी असलेला पर्याय निवडा. मग माउंट करायच्या फोल्डरचं नाव लिहा. फोल्डर रिकामं असू द्या. भरलेल्या फोल्डरवर डिस्क माउंट केली तर आतल्या जुन्या फाइल्स झाकल्या जातात. त्या पुसल्या जात नाहीत, पण डिस्क काढेपर्यंत दिसत नाहीत.

त्याच खिडकीत पर्यायांच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द असतो. तो काढू नका. 'ही डिस्क सापडली नाही तरी अडून बसू नकोस,' असा त्याचा अर्थ. एफएसटॅब हाताने लिहिताना अनेक जण हाच शब्द विसरतात. मग एखाद दिवशी वायर ढिली होते, लिनक्स साधारण दीड मिनिट डिस्कची वाट बघतं आणि शेवटी काळ्या स्क्रीनवर 'इमर्जन्सी मोड' येतो.

तसं झालंच तर घाबरून सगळं फॉरमॅट करू नका. तुमच्या फाइल्स जागच्या जागी असतात. त्या स्क्रीनवरून एफएसटॅब उघडायची, नव्या डिस्कच्या ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह टाकायचं आणि कम्प्युटर रीस्टार्ट करायचा. लिनक्स ती ओळ सोडून देतं.

नोफेलची एक दुसरी बाजूही आहे. डिस्क माउंट झाली नाही, तर ते रिकामं फोल्डर तसंच दिसत राहतं आणि त्यात टाकलेल्या फाइल्स मुख्य डिस्कवर जमा होतात. म्हणून मोठी कॉपी सुरू करण्याआधी डिस्क खरंच माउंट झाली आहे ना, हे बघून घ्या.

नेहमी पडणारे 4 प्रश्न

1 टीबीची डिस्क 931 जीबी का दिसते? कंपनी 1 टीबी म्हणजे 1 लाख कोटी बाइट मोजते. अनेक प्रोग्राम मात्र 1024 च्या पटीत मोजतात. त्या हिशेबात हीच जागा 931 भरते. फसवणूक नाही, मापं दोन आहेत.

त्यातूनही आणखी जागा कमी कशी झाली? एक्स्ट4 साधारण 5 टक्के जागा सिस्टीमसाठी राखून ठेवते. डिस्क काठोकाठ भरली तरी महत्त्वाची कामं अडू नयेत म्हणून. 1 टीबीमध्ये ही जागा सुमारे 50 जीबी होते. फक्त फोटो आणि सिनेमे ठेवायची डिस्क असेल, तर 'ट्यूनटूएफएस' कमांडने हे प्रमाण कमी करता येतं.

'लॉस्ट+फाउंड' नावाचं फोल्डर कुठून आलं? व्हायरस आहे का? नाही. वीज गेल्यावर वगैरे फाइल सिस्टीम तपासताना ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही, ते इथे ठेवले जातात. राहू द्या.

डिस्क दिसते, पण फाइल टाकता येत नाही? टर्मिनलमधून फॉरमॅट केलं असेल तर नव्या डिस्कची मालकी 'रूट'कडे, म्हणजे कम्प्युटरच्या मुख्य खात्याकडे राहते. 'चोन' या कमांडने ती तुमच्या नावावर करून घ्यावी लागते.

एक शेवटची गोष्ट

नवी डिस्क आली की आपण जुन्या फाइल्स तिकडे हलवतो, इकडून पुसतो आणि निर्धास्त होतो. पण हलवलेली फाइल म्हणजे बॅकअप नाही. डिस्क नवी असली तरी एक दिवस बंद पडू शकते. फोटो दोन ठिकाणी असतील, तरच एक जागा गेली तर दुसरी उरते. म्हणून जुनी डिस्क चालत असेल तर ती लगेच पुसू नका. त्याच फोटोंची दुसरी प्रत म्हणून ती कपाटात राहू द्या.