डिझेल व्हॅनचे दिवे काय सांगतात?
चावी फिरवताच डॅशबोर्डवरचे बहुतेक दिवे क्षणभर पेटून विझतात. एखादा पेटलाच नाही, तर बिघाड बहुधा त्या दिव्यात किंवा त्याच्या जोडणीत. लाल म्हणजे गाडी बाजूला घेऊन थांबायचे, पिवळा म्हणजे लवकर तपासून घ्यायचे. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा सर्वांत गंभीर: दाब नसताना इंजिन चालू ठेवले तर बेअरिंग काही मिनिटांत जळू शकतात. पिवळे वेटोळे ग्लो प्लगचे. ते विझल्यावरच स्टार्टर मारावा. सिल्वासातल्या पावसाळ्यात डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवा दुर्लक्षू नये. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढता येते.

खरी डोकेदुखी १ एप्रिल २०२० पासून सक्तीच्या झालेल्या बीएस-६ (धूर-प्रदूषणाच्या मानकाच्या) गाड्यांची. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ असते. ती काजळी जळायला सुमारे ६०० अंश उष्णता लागते. मसाट, पिपरिया, आमलीच्या कारखान्यांत दिवसभर थांबत-थांबत माल टाकणाऱ्या व्हॅनला ती मिळत नाही आणि डीपीएफचा पिवळा दिवा लागतो. अशा वेळी वापीकडून महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे सलग, एकसारख्या वेगाने गाडी पळवली की तो बहुधा विझतो. सोबत इंजिनचा दिवाही लागला, तर गाडी वर्कशॉपलाच न्यावी.