लाल टोपण, केशरी टोपण

गेल्या पावसाळ्यात एका जिल्ह्याच्या गावी, दवाखान्याच्या बाकावर मी एक सकाळ काढली. शेजारी नऊ वर्षांची मुलगी आणि तिची आई बसली होती. आईच्या मांडीवर स्टीलचा डबा, त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली. घरात फ्रिज नाही, त्यामुळे एरवी ही बाटली माठाच्या आडोशाला असते. पंधरा दिवस झाले, पोरीची शुगर तीनशेच्या खाली येईना. डॉक्टरांनी दोनदा मात्रा वाढवून दिली होती.

सिस्टरनी डबा उघडायला लावला, सिरिंज उचलली आणि विचारलं, "ही केशरी टोपणाची कुणी दिली?"

"दुकानदारानं. लाल संपली होती."

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनात बसणाऱ्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन १०० युनिटचं, आणि त्या ताकदीची सिरिंज केशरी टोपणाची. बाटलीतलं औषध केशरी सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत ओढलं की अंगात जातात चारच युनिट. उलट चूक जास्त घातक. कार्ट्रिजमधलं औषध लाल सिरिंजने दहापर्यंत ओढलं, तर पंचवीस युनिट जातात आणि मूल झोपेतच बेशुद्ध पडू शकतं. ही गोष्ट समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण ती पाच मिनिटं त्या आईच्या वाट्याला दीड वर्षात आली नव्हती.

मुलांचा मधुमेह बहुतेक वेळा टाइप १ असतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. जास्त गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही, तरी गावात बोल आईलाच लागतो. दिवसाला चार सुया धरल्या तर वर्षाच्या १४६० होतात, आणि त्यातली प्रत्येक घरीच टोचली जाते. डॉक्टर वर्षातून चारदा भेटले तरी पुष्कळ. मूल आज काय जेवलं, किती खेळलं, तापलं आहे का, हे पाहून मात्रा ठरवायची ती आईने. दुसऱ्या कुठल्या आजारात घरच्यांवर रोज इतका हिशेब पडत असेल, असं मला वाटत नाही.

घरच्यांना शिकवायला हवं, हे वैद्यकाला आजच कळलंय असं नाही. बोस्टनच्या एलियट जोस्लिन यांनी १९१८ साली मधुमेहाची एक पुस्तिका लिहिली, ती डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी. इन्सुलिनचा तेव्हा पत्ता नव्हता. टोरंटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिली सुई टोचली गेली ती जानेवारी १९२२ मध्ये. पुढे अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली आले. साखर काटेकोर ताब्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं वाचतात, हे त्यातून सिद्ध झालं. मात्र त्या अभ्यासातल्या रुग्णांच्या पाठीशी परिचारिका, आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ अशी फौज होती. आपण निष्कर्ष तेवढा घेतला, फौज तिकडेच राहिली.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालचे टाइप १ रुग्ण सव्वादोन लाखांहून जास्त आहेत, जगात सर्वाधिक. आपला असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम मात्र तपासणीसाठी शोधतो तो तिशी ओलांडलेल्या माणसाला. गावोगावच्या शिबिरांत चाळिशीच्या काकांची शुगर मोजली जाते आणि त्यांचा सुकत चाललेला पुतण्या मागे उभा असतो. टाइप १ साठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं आली ती २०२२ मध्ये.

शिकवणं म्हणजे काय, याबद्दलही गोंधळ आहे. सरकारी कागदावर शब्द असतो 'समुपदेशन'. मला तो खटकतो, त्याला उपदेशाचा वास येतो. इथे हवी असते शिकवणी, पोहायला शिकवतात तशी. पाण्यात उतरून, हात धरून, आणि मूल मोठं होईल तशी पुन्हा पुन्हा.

भाकरीचंच घ्या. आहाराच्या छापील तक्त्यात असतं 'एक भाकरी'. कुणाची भाकरी? ज्वारीच्या पिठात वजनाच्या दोन तृतीयांश कर्बोदकं असतात. साठ ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे चाळीसेक ग्रॅम. परातभर थापलेली असेल तर त्याच्या दुप्पट. एका आहारतज्ज्ञ बाईंनी यावर साधा उपाय केला. आयांना घरची वाटी आणायला सांगितली, त्या वाटीत मावेल तेवढं पीठ वजनकाट्यावर ठेवलं आणि आकडा वाटीच्या बुडाला रंगाने लिहून दिला. तेव्हापासून त्या घरांत इन्सुलिनचा हिशेब वाटीवर चालतो.

इन्सुलिन माठाशी ठेवण्याला हसणारे डॉक्टरही मी पाहिलेत. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतल्या तापमानावर 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' आणि जिनिव्हा विद्यापीठाने इन्सुलिनची परीक्षा घेतली. २५ ते ३७ अंशांमध्ये चढउतार होत असतानाही उघडलेल्या बाटलीची ताकद चार आठवडे टिकली, असं त्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. माठ शिकवण्याजोगा आहे, फक्त बाटलीत पाणी जाऊ नये हे सांगायला हवं.

आणि शिकवायचं फक्त आईलाच का? वडील औषधाचे पैसे देऊन मोकळे होतात. आजी लाडवाचा तुकडा पदराआडून भरवते, नाहीतर कारल्याचा रस पाजून सुई बंद करायला लावते. सुई सुटली की दोन-तीन दिवसांत उलट्या, पोटदुखी, धाप. आणि मुलाच्या मधुमेहाचं निदानच झालेलं नसेल, तर हेच दुखणं पोट बिघडल्याचं किंवा न्यूमोनियाचं समजलं जातं आणि वर ग्लुकोजची बाटली चढते.

इटलीतल्या पार्मा प्रांतात यावर शाळांमधून मोहीम निघाली होती. आजवर कोरडं झोपणारं मूल अचानक अंथरूण ओलं करू लागलं, सारखं पाणी पिऊ लागलं, तर साखर तपासा, एवढंच सांगणारी भित्तिपत्रकं लागली आणि बालरोगतज्ज्ञांना तपासणीची साधनं मिळाली. मोहिमेआधी निदानाच्या वेळी शंभरातली ७८ मुलं कीटोअ‍ॅसिडोसिसच्या, म्हणजे याच उलट्या-धापेच्या अवस्थेत यायची. १९९१ ते १९९७ या काळात प्रमाण १२.५ टक्क्यांवर आलं. आपल्या शाळांच्या भिंतींवर एवढे सुविचार असतात, त्यांत एक असा कागद बसेल.

शाळेत अडचण वेगळीच. वर्गात शुगर एकदम उतरून घाम फुटलेल्या, हात थरथरणाऱ्या मुलाला त्याच क्षणी साखर हवी असते. मधल्या सुट्टीपर्यंत थांबणं परवडत नाही. सीबीएसईने २०१७ मध्ये बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना गोळ्या, फळं, पाणी जवळ ठेवायची मुभा दिली. पण चाचणी परीक्षेत खिशातून ग्लुकोज काढणाऱ्या मुलाला बाईंनी उभं केल्याचं मला तीन घरांत ऐकायला मिळालं.

केरळ सरकारची टाइप १ मुलांसाठी योजना आहे, नाव 'मिठाई'. हे नाव ज्याला सुचलं त्याला दाद द्यावी. त्यात साधनांबरोबर मार्गदर्शनही येतं. आपल्याकडे पुण्यातलं हिराबाई कावसजी जहांगीर संशोधन केंद्र, छत्रपती संभाजीनगरची 'उडान' अशी ठिकाणं आहेत. तिथे पोहोचलेली मुलं इतर मुलांना टोचून घेताना पाहतात आणि त्यांची भीती निम्मी होते. पण तिथे पोहोचायचं तर आईचा रोज बुडतो.

दिवाळीच्या तोंडावर दवाखान्यातल्या त्या मुलीच्या घरी जाऊन आलो. चुलीजवळच्या खिळ्याला दोऱ्याने एक लाल टोपण अडकवलेलं होतं. कशाला, विचारलं. "दुकानात न्यायला," आई म्हणाली. परवा दुकानदार पुन्हा म्हणाला होता, कुठलीही चालते हो. तिने काउंटरवर टोपण ठेवलं आणि म्हणाली, याच रंगाची द्या, नसेल तर मी स्टँडवरच्या दुकानात जाते.

मुलगी तोवर पाटावर बसून चकलीचे वेढे मोजत होती.