बिघाडामागची कारणं (भाग ११) : सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’

मागच्या भागात एटीव्हीच्या कार्बोरेटरमध्ये शिळ्या पेट्रोलचा चिकट थर कसा बसतो ते पाहिलं. त्याच गाडीची दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे सेल्फ उचलत नाही.

होंडाने १९७० साली फुग्यासारख्या टायरांची तीनचाकी अमेरिकेत विकायला काढली, तिथून या गाड्यांचा वंश सुरू झाला. पुढे चार चाकं आली. अमेरिका-कॅनडात त्या आजही शेतावर, जंगलात, बर्फात राबतात. आपल्याकडे त्या भेटतात नागाव, काशीदच्या वाळूत, पर्यटकांना फेऱ्या मारताना. सेल्फचे हाल करायला याहून चांगली जागा नाही. खारा वारा असतो, चाकांनी उडालेलं खारं पाणी असतं. फेरी एवढीशी, की सेल्फने खाल्लेली वीज बॅटरीत परत भरायच्या आत गाडी पुन्हा बंद. वर पावसाळ्याचे महिने ताडपत्रीखाली. मग हंगाम उघडतो, बटन दाबलं जातं आणि ‘टक्’ होतं.

अशा वेळी आपला हात आधी धक्का मारायला जातो. पण बहुतेक एटीव्हींत पट्ट्याचा ऑटोमॅटिक गिअर असतो. इंजिन फिरत नसलं की त्याचा क्लच सुटलेला असतो, त्यामुळे चौघांनी ढकललं तरी फक्त चाकं फिरतात. ओढायची दोरी असेल तर ती वापरावी. नसेल तर सेल्फचं दुखणं शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

सेल्फच्या विजेचे रस्ते दोन. एक बारीक: चावी, ब्रेकचा किंवा न्यूट्रलचा स्विच, बटन आणि रिलेची कॉइल. यातून तीन-चार अँपिअर वाहतात. दुसरा जाड: बॅटरीच्या प्लसपासून रिलेचे संपर्क, मोटर, इंजिनचं अंग आणि अर्थच्या केबलने परत मायनसला. मध्यम आकाराच्या इंजिनाला इथे शंभर अँपिअरच्या घरात करंट लागतो. बारीक रस्त्याचं काम एवढंच, की रिलेला जाड रस्ता जोडायला लावणं. दुखणं कोणत्या रस्त्यावर आहे हे कानाला बरंचसं कळतं. बटन दाबून काहीच आवाज नाही, तर बारीक रस्ता तपासा: फ्यूज, ब्रेकचा स्विच, बटनाच्या आत साचलेली वाळू. रिले ‘टकटकटक’ करत राहिला तर बॅटरी बसली आहे. कॉइल ओढते, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, कॉइल सोडते, व्होल्टेज सावरतं, पुन्हा ओढते. एकच ठाम ‘टक्’ आणि पुढे शांतता, हे खरं कोडं.

इथे बहुतेक ठिकाणी एकच निदान होतं: ‘सेल्फ गेला, मोटर बदला.’ कधी ते बरोबरही निघतं. पण मीटर न लावता दिलेल्या निदानावर पैसे घालू नयेत, कारण किनाऱ्यावरच्या गाडीत मोटरच्या आधी संशय घ्यावा तो केबलांचा आणि त्यांच्या टोकांचा.

आधी बॅटरी. शांत असताना भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, आणि १२.० म्हणजे ती जवळपास रिकामी. पण १२.६ दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. पाठीवर पोतं दिल्याशिवाय हमालाची ताकद कळत नाही. बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि प्लेटांचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. अशी बॅटरी चार्ज केल्यावर आकडा झकास दाखवते आणि सेल्फ मारताच आठ-नऊवर घसरते. म्हणून बटन दाबून ठेवलेलं असतानाचा आकडा बघा. तो दहाच्या खाली फार उतरता कामा नये.

बॅटरी टिकली तर मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून पुढची मोजणी करायची. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून प्लगची कॅप काढून एका जादा प्लगला लावा आणि त्या प्लगचं धातूचं अंग इंजिनाला टेकवून ठेवा, पेट्रोलच्या नळीपासून लांब. मीटरची लाल वायर बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटावर ठेवा, वर कसलेल्या क्लिपवर नव्हे. काळी वायर मोटरच्या स्टडवर. आता साथीदाराला बटन दाबू द्या. मीटर जे दाखवेल ते वाटेत हरवलेलं व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वाट ठीक. मग अर्थची बाजू: एक वायर मोटरच्या अंगावर, दुसरी मायनसच्या खुंटावर. इथे ०.२ व्होल्टच्या वर गेलं की संशय घ्यावा.

हे आकडे एवढेसे का, ते ओहमच्या नियमाने सांगता येतं. क्लिपखाली हिरवट-पांढरा थर आहे आणि त्याचा रोध आहे फक्त ०.०२ ओहम. साध्या मीटरला एवढा रोध मोजताही येत नाही. पण त्यातून १०० अँपिअर जाऊ लागले की २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. मोटरच्या वाट्याला जेमतेम आठ-नऊ उरतात आणि २०० वॉट त्या सांध्यात उष्णता होऊन जातात. म्हणूनच वायरमन बोट लावून जागा सांगतो: जिथे गरम, तिथे घाण. सांधा सोडून धातू चकचकीत होईपर्यंत घासा, कसा, वर ग्रीस लावा. इंजिनला जिथे अर्थची केबल बसते तिथे रंग खरवडलेला असू द्या. केबलचं टोक सोलून तांबं काळं पडलेलं दिसलं, तर मीठ आत शिरलंय. मग केबलच बदला.

दोन्ही बाजू स्वच्छ आहेत, स्टडवर भरपूर व्होल्टेज येतंय आणि मोटर तरीही गप्प. आता मोटरवर आळ घ्यायला हरकत नाही. बहुधा कार्बन झिजून कम्युटेटरला टेकत नसतात. मोटर खोलण्याआधी झाकणं आणि खोळीवर मार्करने रेघ मारा, ती जुळवूनच परत बसवा, आणि ओ-रिंग नवी घाला. जुन्या ओ-रिंगमधूनच खारं पाणी आत जातं. मोटरला हातोडीने ठोका, चालू होते, हा सल्ला बरेच जण देतात. अडकलेला कार्बन त्याने कधी सुटतोही. पण या छोट्या मोटरींत लोहचुंबक फेराइटचे असतात, चिनी मातीइतके ठिसूळ. एकाचा टवका उडाला की कार्बनचा खर्च वाचवायला जाऊन पुरी मोटर घ्यावी लागते.

रिलेच्या दोन्ही स्टडांना स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मोटर फिरवण्याची युक्तीही तशीच. निदान होतं, पण ब्रेकचा आणि न्यूट्रलचा स्विच वगळला जातो, गाडी गिअरमध्ये असली तर समोरच्याच्या अंगावर उडी घेते, आणि ठिणग्या पडतात त्या पेट्रोलच्या टाकीजवळ.

मोटर घरघरते पण इंजिन फिरत नाही, तेव्हा वीज निर्दोष आहे. मधला वन-वे क्लच घसरतोय. आणि मोटर एकदम धक्का खाऊन थांबत असेल, विशेषतः गाडी पाण्यात गेल्यानंतर, तर बटन पुन्हा दाबू नका. प्लग काढा. सिलिंडरमध्ये पाणी किंवा कार्बोरेटरमधून गळलेलं पेट्रोल भरलं असेल, तर जोर लावल्यावर कनेक्टिंग रॉड वाकतो.

नीट असलेल्या सेल्फलाही एका दमात पाच सेकंदांपेक्षा जास्त राबवू नये. मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबावं. इतकं करूनही बॅटरी दर आठवड्याला बसत असेल, तर इंजिन चालू ठेवून, रेस थोडी वाढवून तिच्या खुंटांवर व्होल्टेज मोजा. साडेतेरा ते साडेचौदा हवेत. कमी आले तर दुखणं स्टेटरकडे किंवा रेग्युलेटरकडे. त्यांची गाठ पुढच्या आठवड्यात.