मेथीच्या मुळावरची गाठ

‘जिवाणू खत टाकले की शेणखत नको’, हा पालेभाजीवाल्यांत ऐकू येणारा सगळ्यांत महागडा गैरसमज. अॅझोटोबॅक्टर हवेतला नत्र मातीत आणतो खरा, पण त्यासाठी लागणारी ऊर्जा त्याला सेंद्रिय कर्बातूनच मिळते. कर्ब नसलेल्या रानात तो उपाशी. कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आधी द्यायचे ते म्हणूनच. तरीही पालकाला लागणाऱ्या नत्रातला थोडाच वाटा तो उचलतो. पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारा जिवाणू, त्याचेही तसेच: मातीत अडकून पडलेला स्फुरद तो आम्ले सोडून मोकळा करतो, नवा तयार करत नाही.

दुकानात ‘रायझोबियम द्या’ म्हटले की कुठल्या पिकासाठी, असे सहसा कुणी विचारत नाही. विचारायला हवे. हे जिवाणू शेंगवर्गीय पिकांच्याच मुळांवर गाठी करतात. पालक, शेपू, माठ, कोथिंबीर यांना त्यांचा उपयोग नाही, तिथे अॅझोटोबॅक्टर किंवा अॅझोस्पिरिलम लागतो. मेथी मात्र शेंगवर्गीय. बाजारात जुडी मुळांसकट मिळते, तेव्हा पारख घरीही करता येते. मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर नत्राचे काम चालू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदांपैकी एकाचा. पांढरट किंवा हिरवट निघाली तर काम सुरूच झालेले नाही किंवा थांबले आहे. युरिया सढळ हाताने दिला की गाठी कमीच धरतात. आणि हरभऱ्याचे पाकीट मेथीला चालत नाही. तिला लसूणघासाच्या गटातले रायझोबियम लागते.

पाकिटात जिवंत माल आहे, हेही विसरले जाते. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेले पाकीट तारखेच्या आतले असले तरी भरवशाचे नाही. बुरशीनाशक लावायचेच असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी; किलोभर बियाण्याला २५ ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून. बी सावलीत सुकवून लगेच पेरायचे.

‘शेण जितके ताजे तितके जिवाणू जास्त’, हे खरेच आहे, पण त्यांत ई. कोलाय आणि साल्मोनेलाही असू शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चे शेण घालणे आणि मातीला टेकणाऱ्या भाजीची काढणी यांत किमान १२० दिवसांचे अंतर सांगितले आहे. आपली मेथी महिन्याभरात जुडीला येते. तेव्हा वाफ्यात जायचे ते ५५ अंशांच्या वर तापलेल्या, पलटून पलटून पूर्ण कुजवलेल्या ढिगातलेच खत.