साधे प्रश्न, वीस वर्षांची उत्तरे

स्तनाच्या कर्करोगावर नवे औषध निघाल्याची बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते आणि ती वाचून आपण पान उलटतो. ते औषध कोणत्या प्रकारच्या गाठीवर चालते, किती स्त्रियांना दिले, किती वर्षे त्यांच्याकडे लक्ष ठेवले आणि ते औषध न मिळालेल्या स्त्रियांचे त्याच काळात काय झाले, हे सहसा बातमीत नसते. मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर या रोगावरचे शोधनिबंध वाचण्याची सवय लागली, ती वरच्या यादीतल्या शेवटच्या प्रश्नामुळे. ‘तुलना कोणाशी केली?’ हा आमच्या विषयातला पहिला प्रश्न. स्तनाच्या कर्करोगाबाबत आज जे खात्रीने सांगता येते, त्यातले बरेचसे या प्रश्नाचा पाठपुरावा केल्यामुळे कळले आहे, आणि त्यातली काही मोलाची उत्तरे आपल्या परळमधून आली आहेत.

आधी दोन आकडे पाहू. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. अमेरिकेत त्याच वर्षी नवे रुग्ण सुमारे पावणेतीन लाख होते आणि मृत्यू सुमारे ४३ हजार. एका वर्षातले मृत्यू त्याच वर्षी निदान झालेल्या रुग्णांचे नसतात, त्यामुळे या आकड्यांचा सरळ भागाकार करू नये. तरीही अंतर डोळ्यांत भरते. नवी महागडी औषधे हे त्याचे एक कारण आहे, पण सर्वांत मोठे नाही. आपल्याकडे गाठ डॉक्टरांपुढे येते तेव्हा ती बरीच वाढलेली असते आणि सुरू झालेला उपचार पुष्कळदा अर्धवट सुटतो. म्हणून आपल्यापुढचे संशोधनाचे प्रश्नही वेगळे आहेत. गाठ लवकर सापडण्याचा स्वस्त मार्ग कोणता? हाताशी असलेल्या साधनांनी आयुष्य खरोखर वाढते का?

जितके जास्त, तितके चांगले?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी एक शस्त्रक्रिया रूढ केली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी असे सगळे एकत्र काढून टाकायचे. रोग गाठीपासून कडेकडेने पसरत जातो, तेव्हा जितके दूरवर कापावे तितका धोका कमी, असा त्यामागचा विचार होता. तो कोणालाही पटण्यासारखा होता आणि पाऊणशे वर्षे जगभर पटतही राहिला. शस्त्रक्रियेनंतर बायकांचे हात सुजत, खांदा जखडत असे. पण जीव वाचवायचा तर एवढे सोसायला हवे, असे सगळेच धरून चालले होते.

पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर यांना शंका होती की, रोगाच्या पेशी गाठ लहान असतानाच रक्तावाटे शरीरात गेलेल्या असू शकतात. तसे असेल तर छाती कितीही खरवडली तरी फरक पडणार नाही. हा वाद चर्चेने मिटणारा नव्हता. १९७६ मध्ये त्यांनी १,८५१ स्त्रियांची चाचणी सुरू केली. कोणाचा पूर्ण स्तन काढायचा, कोणाची फक्त गाठ काढायची आणि कोणाला गाठ काढून वर किरणोपचार द्यायचे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर किंवा रुग्णाच्या ऐपतीवर सोडले नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. चिठ्ठीचा फायदा असा की, वय, गाठीचा आकार, घरची परिस्थिती अशा माहीत असलेल्या आणि नसलेल्या सगळ्याच बाबी गटांमध्ये सारख्या वाटल्या जातात. मग निकालात जो फरक दिसेल तो उपचाराचा, असे म्हणता येते.

वीस वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांतल्या स्त्रिया सारख्याच प्रमाणात जगल्या होत्या. नुसती गाठ काढलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांमध्ये त्याच स्तनात रोग पुन्हा आला. किरणोपचार घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १४ टक्के होते. म्हणजे किरणोपचार हवेत, पण पूर्ण स्तन काढण्याची गरज बहुतेकींना नाही. आज लहान गाठीसाठी स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया सुचवली जाते, ती या पुराव्यावर.

मुंबईच्या वस्त्यांमधली वीस वर्षे

आता गाठ लवकर सापडण्याकडे वळू. श्रीमंत देशांत त्यासाठी ठरावीक वयानंतर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे करतात. आपल्याकडे त्यात दोन अडचणी आहेत. यंत्र, ते चालवणारा आणि चित्र वाचणारा तज्ज्ञ यांचा खर्च मोठा, ही पहिली. दुसरी अशी की, तरुण वयात स्तनातल्या ऊती दाट असतात. त्या एक्स-रेमध्ये पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. आपल्याकडे तर पुष्कळ रुग्ण पन्नाशीच्या आतल्या असतात.

१९९८ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न हाती घेतला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासले, तर या रोगाचे मृत्यू कमी होतील का? मुंबईतल्या झोपडवस्त्यांचे २० विभाग निवडले. १० विभागांत तपासणीच्या चार फेऱ्या झाल्या. उरलेल्या १० विभागांतल्या स्त्रियांना रोगाची माहिती एकदा समजावून सांगितली. ३५ ते ६४ वयाच्या एकूण १,५१,५३८ स्त्रिया यात होत्या. तपासणीच्या फेऱ्या संपल्यावरही दर दोन वर्षांनी घरोघर जाऊन चौकशी चालू राहिली. मुंबईत लोक घरे बदलतात, वस्त्या हलतात, नावे-पत्ते जुळत नाहीत. अशा शहरात वीस वर्षे हिशेब ठेवायचा म्हणजे काय, हे ज्याने एकदा जनगणनेचे काम केले आहे त्याला विचारावे.

एवढा काळ थांबायचे कशाला? लवकर सापडलेल्या बायका जास्त वर्षे जगल्या एवढे दाखवले की झाले, असे वाटेल. इथेच एक सापळा आहे आणि तो मी वर्गात दोन बहिणींच्या उदाहरणाने समजावत असे. दोघी साठाव्या वर्षी याच रोगाने गेल्या. एकीची गाठ ५८ व्या वर्षी कळली, दुसरीची तपासणीमुळे ५५ व्या वर्षी. कागदावर पहिली दोन वर्षे ‘जगली’ आणि दुसरी पाच. प्रत्यक्षात कोणाच्याही आयुष्यात एक दिवस वाढला नाही. दुसरीला आपल्या रोगाची माहिती तेवढी तीन वर्षे आधी झाली. म्हणून निदानानंतरची वर्षे मोजून भागत नाही. दोन्हीकडच्या सगळ्या स्त्रियांमध्ये, निरोगी धरून, या रोगाने किती मृत्यू झाले ते मोजावे लागते.

निकाल २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तपासणी झालेल्या विभागांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेले रुग्ण ३७ टक्के होते, दुसरीकडे ४७ टक्के. म्हणजे रोग अलीकडच्या टप्प्यावर सापडू लागला, हे नक्की. मृत्यूंमध्ये एकूण १५ टक्के घट दिसली, पण ती निव्वळ योगायोगाने आली नसेल असे ठामपणे म्हणण्याइतकी मोठी नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया वेगळ्या पाहिल्या तेव्हा घट सुमारे ३० टक्के निघाली. पन्नाशीच्या आत मात्र घट दिसली नाही. वयाची ही फोड निकाल हाती आल्यावर केलेली आहे, हे संशोधकांनी स्वतःच सांगितले आहे, आणि अशा फोडीकडे जरा सावधपणे पाहावे हा आमच्या शास्त्राचा नियम. तरीही यंत्र नाही, वीज नाही, फक्त प्रशिक्षित बोटे, एवढ्यावर हा परिणाम मिळाला असेल तर गरीब देशांसाठी ती फार मोठी गोष्ट आहे. याच उपक्रमात व्हिनेगर लावून केलेल्या गर्भाशयमुखाच्या तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

जुनी औषधे, नवे उपयोग

स्तनाचा कर्करोग हा एक रोग नाही. सुईने काढलेला गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत जातो तेव्हा पेशींवर तीन गोष्टी शोधतात : इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक आणि हर-टू नावाचे प्रथिन. पहिले दोन असतील तर संप्रेरकांना अडवणाऱ्या गोळ्या चालतात. हर-टू भरपूर असेल तर त्यालाच धरणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध उपयोगी पडते. तिन्ही नसतील तर त्या गाठीला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. या गाठीवर उपचार करणे अवघड असते आणि ती तरुण स्त्रियांमध्ये अधिक आढळते.

या तिसऱ्या प्रकारावर टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुदीप गुप्ता यांच्या गटाने ७२० स्त्रियांची चाचणी केली. नेहमीच्या केमोथेरपीत कार्बोप्लॅटिन या जुन्या, सहज मिळणाऱ्या औषधाची भर घालायची, एवढाच बदल. २०२२ च्या डिसेंबरात मांडलेल्या निकालानुसार पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांमध्ये पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ६६ वरून ७७ टक्क्यांवर गेले. पन्नाशीनंतर असा फायदा दिसला नाही.

डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालची चाचणी तर याहून साधी आहे. शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाताना काही पेशी सुटून रक्तात जात असाव्यात, असा जुना संशय आहे. दात काढताना हिरडी बधिर करायला वापरतात तेच लिडोकेन गाठीभोवती टोचले आणि सात ते दहा मिनिटांनी शस्त्रक्रिया केली, तर पेशींची ही हालचाल रोखता येईल का? भारतातल्या ११ केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रियांवर हे पाहिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्यांत ८६.४ टक्के आणि दिलेल्यांत ९०.१ टक्के होते. ज्या औषधाची बाटली कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात असते, त्याने शंभरात जवळजवळ चार जीव जास्त वाचले. यावर आक्षेपही आहेत. तुलनेच्या गटाला नुसत्या पाण्याचे इंजेक्शन दिले नव्हते आणि कोणाला काय दिले हे शल्यविशारदांना माहीत होते. दुसऱ्या देशांत हाच प्रयोग पुन्हा व्हायला हवा, ही मागणी मला योग्य वाटते.

नकारार्थी उत्तरही तितकेच उपयोगी असते. रोग हाडांत किंवा यकृतात पोहोचल्यावर स्तनातली मूळ गाठ कापून फायदा होतो का, हे याच रुग्णालयात ३५० स्त्रियांमध्ये तपासले गेले. उत्तर ‘नाही’ असे आले आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे कित्येक बायकांची एक निष्फळ शस्त्रक्रिया टळली असेल.

याचा अर्थ नवे संशोधन दिखाऊ आहे, असा मुळीच नाही. ट्रास्टुझुमॅबच्या पाठीवर केमोथेरपीचे औषध लादून ते थेट पेशीत पोहोचवणाऱ्या ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅनने २०२२ मध्ये दाखवले की, हर-टू अगदी थोडे असलेल्या, पसरलेल्या रोगातही मध्यम आयुर्मान १६.८ महिन्यांवरून २३.४ महिन्यांवर जाते. २०२४ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने त्यावरचे सीमाशुल्क माफ केले, तरी ते सामान्य घराच्या आवाक्यात आलेले नाही. स्वीडनमध्ये ८० हजार स्त्रियांच्या मॅमोग्राफीच्या चाचणीत निम्म्या स्त्रियांची चित्रे वाचताना कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली, तेव्हा चित्रे वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी घटले आणि सापडलेले कर्करोग कमी झाले नाहीत. हे २०२३ चे निष्कर्ष आहेत. मृत्यूंचा हिशेब त्यात नाही. त्याला वेळ लागेल.

साठ दिवस

माझ्या एका चुलत बहिणीला श्रावणात काखेजवळ गाठ लागली. दुखत नव्हती. आधी गौरी-गणपती होते, मग नवरात्र, मग दिवाळी आणि तुळशीचे लग्न झाल्यावर धाकटीचे लग्न. फाल्गुनात ती डॉक्टरांकडे गेली. ती आज आपल्यात आहे, पण जो उपचार तीन महिन्यांत आटोपला असता तो सव्वा वर्ष चालला. ‘दुखत नव्हती म्हणून सांगितले नाही’ हे तिचे वाक्य मी नंतर इतर कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकले आहे. या रोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

स्तनात किंवा काखेत नवी गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्ताळ स्राव, त्वचेला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर तपासून घ्यावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते हाताला लागून कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि गरज पडल्यास सुईने घेतलेला तुकडा, असा क्रम आहे. ‘सुई टोचली की रोग पसरतो’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. सुईच्या तपासणीमुळे आयुष्य घटते असा पुरावा नाही. ती टाळल्यामुळे मात्र चुकीचा उपचार होतो किंवा उपचारच लांबतो.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक देशासाठी तीन उद्दिष्टे ठेवली आहेत. किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच सापडावेत, डॉक्टरांकडे गेल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि ८० टक्के रुग्णांचा उपचार पुरा व्हावा. यांपैकी एकाही उद्दिष्टासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. साठ दिवसांची मोजणी मात्र बाई दवाखान्याची पायरी चढते तेव्हा सुरू होते. त्याआधीचे दिवस कोणत्याच शोधनिबंधात नीट मोजता येत नाहीत. ते आपल्या घरांत, सणावारांत आणि लग्नकार्यांत जातात, आणि ते कमी करणे आपल्याच हातात आहे.